कागदावरून कापडावर येईपर्यंत टाक्याचा तिरकेपणा मेंदूत कुठे राहतो?

कसुतीवेडी
मी इरकल साड्यांवर कसुती करते. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते: कापडावर काही छापलेलं नसतं. नमुना शेजारी कागदावर. तो बघायचा, कापडाचे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. टाके उभे, आडवे किंवा तिरके. तिरका टाका डावीकडे झुकतो की उजवीकडे, यावर गोपुराचा कळस नीट येणं अवलंबून असतं. कागदावरची नजर कापडावर येऊन सुई टोचेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढा वेळ तो तिरकेपणा माझ्याजवळ असतो, पण डोळ्यांसमोर नसतो. मग असतो कुठे?

कॉलेजात शिकलो ते असं, की बघण्याचं काम मेंदूच्या मागच्या भागात होतं आणि लक्षात धरण्याचं काम पुढच्या, म्हणजे कपाळामागच्या भागात. अलीकडे वाचलं, की २००९ मधल्या एका प्रयोगात मागच्या भागातच ही तात्पुरती आठवण सापडली. मला ते पटतं. जो भाग इतकं बारीक बघू शकतो, त्यानेच ते थोडा वेळ धरून ठेवावं. दुसऱ्याकडे सोपवायचंच कशाला?

जाणकारांनी लिहावंच, पण हाताने नक्कल करणाऱ्यांनीही लिहा. चित्रकार, रांगोळी काढणारे, सुलेखन करणारे, सगळे.

टकमक
विषय आवडला. वाचतोय.

हिशेबनीस
दिव्याकडे बघून डोळे मिटले की दिव्याचा आकार थोडा वेळ दिसत राहतो. तेच ना हे?

पश्चकपाल
@हिशेबनीस, नाही. माझं काम याच विषयाच्या आसपासचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तीन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

दिव्याचा ठसा मुख्यतः डोळ्यातच उमटतो. तिथल्या पेशी तेवढ्या जागी दमलेल्या असतात, म्हणून नजर वळेल तसा तो ठसाही सरकतो. त्याला कोणी आठवण म्हणत नाही.

दुसरी गोष्ट जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये दाखवली. चार-चार अक्षरांच्या तीन ओळी सेकंदाच्या विसाव्या भागापुरत्या दाखवायच्या. लोकांना जेमतेम चार-पाच अक्षरं सांगता येतात, तरी 'दिसली सगळी होती' असं ते म्हणतात. मग स्पर्लिंग यांनी अक्षरं नाहीशी झाल्यावर एक स्वर वाजवला: उंच स्वर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता जी ओळ विचाराल तिच्यातली बहुतेक अक्षरं लोक सांगू लागले. म्हणजे त्या क्षणी सगळं चित्र खरोखर शिल्लक होतं. पण स्वर सेकंदभर उशिरा वाजवला की हा फायदा संपतो.

कसुतीवेडीताईंचा प्रश्न तिसऱ्या गोष्टीचा आहे. ही आठवण कित्येक सेकंद टिकते, ती मुद्दाम धरून ठेवावी लागते आणि तिच्यात फार मावत नाही. लक आणि व्होगेल यांनी १९९७ मध्ये रंगीत चौकोन वापरून मोजलं, तेव्हा साधारण तीन-चार चौकोनच लोकांच्या लक्षात राहत होते.

आता तो २००९ चा प्रयोग. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या स्टेफनी हॅरिसन आणि फ्रँक टाँग यांचा. माणूस एमआरआयच्या यंत्रात. त्याला तिरक्या रेघांच्या दोन जाळ्या एकामागून एक दाखवल्या, एक या अंगाला झुकलेली, दुसरी तिला काटकोनात. मग पडद्यावर १ किंवा २ असा आकडा आला, म्हणजे पहिली लक्षात ठेवा किंवा दुसरी. पुढची ११ सेकंदं पडद्यावर रेघा नाहीत. दोन्ही जाळ्या सगळ्यांनी पाहिलेल्याच आहेत, फरक फक्त मनात कोणती धरली आहे याचा. त्या रिकाम्या वेळातला, मेंदूच्या मागच्या बघण्याच्या भागांचा म्हणजे दृक्‌केंद्रांचा नकाशा संगणकाला दिला आणि विचारलं, हा माणूस कोणती जाळी धरून बसलाय? नुसत्या अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर आली असती. आली ८३ टक्के.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या ११ सेकंदांत दृक्‌केंद्रांची एकूण हालचाल (पेशी किती कामात आहेत ते) बरीच खाली आलेली होती. आधीचे संशोधक 'किती हालचाल आहे' एवढंच मोजत, म्हणून त्यांना तिथे काही सापडत नव्हतं. आठवण हालचालीच्या जोरात नव्हती, तिच्या नक्षीत होती, म्हणजे ती कुठे जास्त आणि कुठे कमी यात. पहिल्या दृक्‌केंद्रातल्या पेशी (डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या सालीत आधी इथे उतरते) ठरावीक कोनाच्या रेघेलाच जास्त प्रतिसाद देतात, हे ह्युबेल आणि विझेल यांनी दाखवलं होतं (१९८१ चं नोबेल). तिरका टाका धरून ठेवायला याहून योग्य जागा मेंदूत शोधून सापडणार नाही.

सांजवेळ
किती छान समजावलंत! स्पर्लिंगांचा प्रयोग वाचून शाळेत फळा पुसताना 'बाई थांबा, दिसतंय अजून' म्हणणारी वर्गमैत्रीण आठवली.

क्षकिरण
प्रयोग सुंदर आहे, पण निष्कर्षापाशी माझं अडतं. मी रेडिऑलॉजिस्ट आहे, एमआरआय हे रोजचं काम.

पहिलं म्हणजे, या तपासणीत पेशींचं बोलणं ऐकू येत नाही. दिसतो तो रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक, तोही काही सेकंद उशिरा. एखाद्या भागात नक्षी वाचता आली म्हणजे आठवण तिथे साठवली आहे, हे सिद्ध होत नाही. पुढच्या भागाने मागे पाठवलेल्या निरोपाचा तो पडसादही असेल.

दुसरं, कपाळामागच्या भागाची बाजू काही हवेतली नाही. १९३० च्या दशकात जेकबसन यांनी माकडांचा तो भाग काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांदेखत लपवलेला खाऊ काही सेकंदांनी कुठे आहे हे त्यांना सांगता येईना. १९७१ मध्ये फस्टर आणि अलेक्झांडर यांना त्याच भागात अशा पेशी सापडल्या, की वस्तू नजरेआड असेपर्यंत त्या सतत बोलत राहतात. गोल्डमन-राकिक यांच्या गटाने १९८९ मध्ये हे आणखी काटेकोरपणे दाखवलं.

तिसरं, २०१४ मध्ये माकडांच्या मेंदूत थेट सुया घालून बघितलं, की डोळ्यांना दिसलेल्या हालचालीची दिशा लक्षात ठेवताना काय होतं. दिशा ओळखण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या दृक्‌केंद्रातल्या पेशी त्या रिकाम्या वेळात गप्प होत्या. त्याच्या लगतच्या, पुढच्या टप्प्याच्या भागातल्या आणि कपाळामागच्या पेशी बोलत होत्या.

'दृष्टीआड सृष्टी' हे पहिल्या दृक्‌केंद्राला तरी लागू पडतं, असं माझं मत.

पश्चकपाल
@क्षकिरण, २०१४ च्या प्रयोगात एक बाब आणखी होती. त्या गप्प पेशींच्या आसपासच्या विद्युतलहरींत दिशेची खूण सापडली होती. पेशी स्वतः ओरडत नव्हत्या, पण त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचत होतं.

'पडसाद' या शब्दाला माझी हरकत नाही. वरून निरोप येतो हे खरंच आहे. पहिल्या दृक्‌केंद्राचे सहा थर असतात. डोळ्यांकडून येणारी माहिती मुख्यतः चौथ्या थरात उतरते. नेदरलँड्समधल्या रूल्फ्सेमा यांच्या गटाने २०१७ मध्ये माकडांत थराथरातून नोंद घेतली. आठवण धरताना हालचाल वाढली ती वरच्या आणि खालच्या थरांत, चौथ्यात कमी. म्हणजे ही हालचाल डोळ्यांकडून आलेली नव्हती, मेंदूतल्याच वरच्या केंद्रांकडून उतरलेली होती. त्यांनी मध्येच दुसरं चित्र दाखवलं तेव्हा ती खूण पुसली गेली आणि काही वेळाने परत उमटली. परत उमटली, म्हणजे मधल्या काळात ती दुसरीकडे कुठेतरी जपलेली होती. हा तुमच्या बाजूचा मुद्दा मीच देते.

पण ती परत इथेच का आणायची? वर सगळं सुखरूप असेल तर मेंदू हा खटाटोप का करतो? मला वाटतं, बारकावा इथे असतो म्हणून. कपाळामागचा भाग 'डावीकडे झुकलेली' एवढं सांभाळेल. किती अंशांनी, हे सांगायला कोनाची जाण असलेल्या पेशी लागतात.

क्षकिरण
बेटनकोर्ट आणि शू यांचं २०१६ चं काम विसरू नका. मधल्या वेळात लक्ष विचलित करणारी चित्रं येणार हे माणसांना आधी माहीत असलं, तर दृक्‌केंद्रातली नक्षी वाचता येईनाशी झाली. डोक्याच्या वरच्या-मागच्या पॅरायटल भागातली मात्र वाचता येत राहिली. आणि लोकांची उत्तरं बिघडली नाहीत! मग दृक्‌केंद्रातल्या आठवणीची गरज उरली कुठे?

पश्चकपाल
त्याला २०१९ मध्ये उत्तर मिळालं. राडेमाकर, चुनहारस आणि सेरेन्सेस यांनी आठवण धरलेली असताना समोर दुसऱ्या रेघा दाखवल्या. दृक्‌केंद्रात दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाचता आल्या, समोर दिसणारी आणि मनात धरलेलीही. या विषयातली भांडणं अजून मिटलेली नाहीत, पण 'मध्ये काही दिसलं की दृक्‌केंद्रातलं सगळं पुसलं जातं' असं आता म्हणता येणार नाही.

खडीसाखर
तुमचा वाद रंगू दे, मी मध्येच घुसते. मुलगी अबॅकसच्या, म्हणजे दांड्यांवरचे मणी सरकवून आकडेमोड करायच्या पाटीच्या, क्लासला जाते. समोर पाटी नसताना बोटं हवेत हलवत बेरजा करते. मणी 'दिसतात' म्हणते. क्लासवाले सांगतात, याने मुलांची स्मरणशक्ती वाढते. वाढते का?

पश्चकपाल
@खडीसाखर, यावर आपल्या शेजारीच, गुजरातेत काम झालंय. मायकल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर यांनी तिथल्या अबॅकस शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये लिहिलं, की मनातल्या पाटीवर मुलांना साधारण तीन-चार उभ्या दांड्याच सांभाळता येतात. लक आणि व्होगेल यांच्या चौकोनांइतक्याच. आपल्या सगळ्यांकडे असलेली तीच चित्रस्मृती ही मुलं हुशारीने वापरतात, एक दांडी म्हणजे एक वस्तू असं धरून.

नंतर वडोदऱ्यात २०४ मुलांवर तीन वर्षं प्रयोग केला, अर्ध्यांना अबॅकस, अर्ध्यांना नेहमीच्या पद्धतीने जादा गणित. २०१६ मध्ये निकाल आला. अबॅकसवाल्यांचं आकडेमोडीचं गणित सुधारलं, पण स्मरणक्षमता वाढलेली दिसली नाही. गणितासाठी जरूर पाठवा.

खडीसाखर
हे क्लासच्या पत्रकावर छापायला हवं. मनापासून आभार!

अश्वचाल
मी पट न बघता बुद्धिबळ खेळतो. ३२ सोंगट्या आणि ६४ घरं. चारच वस्तू मावत असतील तर हे कसं जमतं?

क्षकिरण
कारण तुम्हाला ३२ सोंगट्या दिसतच नाहीत. किल्लेकोट केलेला राजा आणि त्याच्यापुढची प्यादी, ही तुमच्यासाठी एकच वस्तू. चेस आणि सायमन यांनी १९७३ मध्ये कसलेल्या खेळाडूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली, तर त्यांनी ती झपाट्याने पुन्हा मांडली. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या तेव्हा ते नवशिक्यांच्याच रांगेत आले. हे काम वर्षानुवर्षांच्या साठ्याचं आहे, डोळ्यामागच्या चार जागांचं नाही.

टकमक
अश्वचाल, तुमच्याशी पैज लावायची नाही हे आता पक्कं.

मिटलेले_डोळे
माझा अनुभव उलटा आहे. मला मनात चित्र दिसतच नाही. 'डोळे मिटून आईचा चेहरा आणा' म्हटलं तर काळोखच असतो. बाकीच्यांना खरोखर काही दिसतं हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होते. याला अफँटेसिया म्हणतात, हे नाव ॲडम झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिलं. पण मी नकाशा बघून पत्ता शोधते, रांगोळीही काढते. ठिपके मोजते, 'इथून दोन सोडून तिसरा' असं मनात म्हणते. मग माझ्या दृक्‌केंद्रात आठवण असते की नसते?

पश्चकपाल
फार मोलाचा प्रतिसाद. २०२१ मध्ये कीओ, विकन आणि पीअरसन यांनी अफँटेसिया असलेल्यांना चित्रस्मृतीच्या चाचण्या दिल्या. अचूकता इतरांइतकीच होती, फक्त रीत निराळी. तुम्ही सांगितलीत तशीच. म्हणजे एकच काम दोन वाटांनी होतं. दृक्‌केंद्राची वाट सगळे सारखीच वापरतात असं मानून चालणार नाही.

हिशेबनीस
ओटीपी आला की मी तो पुटपुटतो, 'अठ्ठेचाळीस, बावीस'. तेही हेच?

क्षकिरण
थोडा वेळ धरण्याचं काम तेच, वाट मात्र वेगळी. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्येच मांडलं, की बोलून धरायची सोय वेगळी आणि बघून धरायची वेगळी. ओटीपी डोळ्यांनी वाचलात तरी धरता तोंडाने. आणि म्हणूनच माझी कसुतीवेडीताईंना विनंती: तुम्ही टाका धरता तो खरंच डोळ्यांनी की मनात 'डावा, डावा, उजवा' म्हणता? तपासणं सोपं आहे. काम करताना 'राम राम राम' असं सतत पुटपुटत राहा. तोंड अडकलं की बोलून धरण्याची वाट बंद होते. उरेल ते बघून धरलेलं.

ब्रेलवाचक
मी जन्मांध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. माझ्या मेंदूतला तो मागचा भाग मोकळा पडून नाही, एवढं सांगायला आलो. अमीर अमेदी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जन्मांध लोकांना आधी पाठ केलेले शब्द आठवायला लावले, तेव्हा त्यांचं पहिलं दृक्‌केंद्र कामाला लागलेलं दिसलं. ज्यांचं ते जास्त कामाला लागलं त्यांना शब्दही जास्त आठवले. त्याआधी १९९७ मध्ये चुंबकीय झटक्यांनी हा भाग क्षणभर विस्कळीत केला, तर अंध वाचकांच्या ब्रेलमध्ये चुका झाल्या. वर क्षकिरण विचारतात 'गरज कुठे उरली'. निदान आमच्या ब्रेलवाचनात तरी गरज आहे, हे असं हात घालून तपासलेलं आहे.

क्षकिरण
@ब्रेलवाचक, हा पुरावा मी मानतो. नक्षी वाचण्यापेक्षा तो भाग विस्कळीत करून काय बिघडतं हे बघणं केव्हाही वजनदार. डोळसांच्या बाबतीत आमची पंचाईत अशी, की पक्षाघाताने हा भाग गेलेला रुग्ण येतो तेव्हा त्याचं अर्ध्या बाजूचं दिसणंच गेलेलं असतं. जे दिसलंच नाही त्याची आठवण तपासणार कशी?

सांजवेळ
हा प्रतिसाद वाचून थांबलेच मी. ब्रेलवाचकदादा, लिहीत राहा.

कसुतीवेडी
सगळ्यांचे आभार. 'राम राम' करून बघितलं. तिरकेपणा जात नाही! टाका कुठे झुकतो ते पक्कं राहतं, अगदी पुटपुटत असतानाही. जातो तो आकडा. 'चार धागे सोडून' यातले चार निसटतात, मला पुन्हा कागदाकडे बघावं लागतं. म्हणजे एकाच टाक्याचा झुकाव मी बघून धरते आणि मोजणी बोलून.

आणखी एक लक्षात आलं. मी कागदाकडे वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बघते. एका टाक्यासाठी दोनदासुद्धा.

पश्चकपाल
तुमच्या हातून एक प्रसिद्ध निरीक्षण पुन्हा झालंय. रॉचेस्टर विद्यापीठात बॅलार्ड, हेहो आणि पेल्झ यांनी लोकांना रंगीत ठोकळ्यांचा नमुना बघून तसाच रचायला लावला आणि नजरेची नोंद घेतली (१९९५). लोक चार ठोकळे लक्षात ठेवून एकदम रचत नाहीत. एकाच ठोकळ्यासाठी नमुन्याकडे दोनदा बघतात, आधी रंगासाठी, मग जागेसाठी. नमुना लांब ठेवला की मात्र आठवणीवर जास्त भिस्त ठेवतात. आठवण धरायला श्रम पडतात आणि नजर वळवणं स्वस्त आहे.

झुकावाबद्दल तुमचं निरीक्षण मला फार पटतं. सेरेन्सेस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्येच दाखवलं होतं, की रंगीत रेघांमधला फक्त रंग लक्षात ठेवा म्हटलं तर पहिल्या दृक्‌केंद्रात रंगच वाचता येतो आणि फक्त झुकाव म्हटलं तर झुकावच. अख्खं चित्र तिथे ठेवलं जात नाही, हवं तेवढंच.

क्षकिरण
झुकावासाठी मी दृक्‌केंद्राला जागा देतो. राखण करणारा पुढे आणि वर बसलाय, यावर ठाम आहे.

पश्चकपाल
यावर माझी सही.

कसुतीवेडी
मग शेवटचा प्रश्न. गवंतीच्या टाक्यात जाताना एक टाका वर, एक खाली असं जायचं आणि परत येताना रिकाम्या जागा भरायच्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. परतताना मी कापड फिरवून धरते. कागद तसाच असतो. म्हणजे कागदावरचा झुकाव मला मनात फिरवून घ्यावा लागतो. कागदावर जो कोन कधी दिसलाच नाही, तो कोन दृक्‌केंद्रात असू शकतो का?

पश्चकपाल
असू शकतो. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये आल्बर्स, डी लांगे आणि सहकाऱ्यांनी हेच विचारलं. लोकांना तिरक्या रेघा दाखवल्या आणि काही वेळा सांगितलं, या मनातल्या मनात इतक्या अंशांनी फिरवा. सुरुवातीच्या दृक्‌केंद्रांत संगणकाला सापडला तो फिरवून आलेला कोन, पडद्यावर न दाखवलेला.

कसुतीवेडी
म्हणजे कापडाची उलटी बाजू मी आधी तिथे बघते. मंगळवारी मैत्रिणी कसुतीला जमतात. त्या सगळ्यांकडून 'राम राम' करवून घेते. परतीच्या फेरीत कोणाचं काय निसटतं ते इथे लिहीन.